जेलवर बँड वर आला? प्रोटीनवरची साखर शोधायची कशी

सिक्वेन्सप्रमाणे तुमचं प्रोटीन ४० किलोडाल्टनचं असायला हवं आणि ब्लॉटवर (जेलवरचं प्रोटीन पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने दाखवतात तो) ते ५५ च्या आसपास आलंय, तेही धारदार रेघ नाही, वरच्या बाजूला पसरलेला धुरकट पट्टा. प्रोजेक्टच्या दिवसांत असं झालं की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो, मग कोणीतरी म्हणतं डायमर असेल, म्हणजे दोन मॉलिक्यूल एकत्र चिकटलेले, पण डायमर ८० ला येईल ना, ५५ ला कशाला येईल, आणि सॅम्पल बफरमध्ये उकळल्यावर बहुतेक डायमर सुटतातच. तुमचं प्रोटीन पेशीच्या बाहेर पडणारं किंवा पेशीच्या पडद्यावर बसणारं असेल तर सगळ्यात आधी साखर तपासा. म्हणजे ग्लायकॅन, एकेक साखर जोडून बनलेल्या आणि प्रोटीनला पक्क्या चिकटलेल्या साखळ्या, बऱ्याचदा फांद्या फुटलेल्या. हे तपासायला महागडं मशीन लागत नाही, साधं जेल, दोन-तीन एंझाइम आणि नीट ठेवलेले कंट्रोल एवढ्यावर बरंच कळतं, आणि मुंबईतल्या कुठल्याही बऱ्यापैकी लॅबमध्ये हे होतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ग्लायकॅनला टेम्प्लेट नसतो. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रोटीन, हे अक्षराला अक्षर लावून होतं, ग्लायकॅनचं तसं नाही, ईआर आणि गॉल्जी या पेशीतल्या प्रोटीन घडवून पुढे पाठवणाऱ्या कप्प्यांमध्ये बसलेली एंझाइम्स एकामागून एक साखर लावतात नाहीतर कापतात, आणि प्रत्येक एंझाइमला आधीच्याने तयार केलेलं टोक लागतं. त्यामुळे एकाच प्रोटीनच्या एकाच जागेवर एका मॉलिक्यूलला एक ग्लायकॅन असतो, शेजारच्याला थोडा वेगळा, म्हणूनच तो धुरकट पट्टा. सिक्वेन्स तुम्हाला फक्त एवढंच सांगतो की साखर कुठे लागू शकते. प्रत्यक्षात काय लागलंय ते सिक्वेन्समध्ये शोधून सापडत नाही, एंझाइम्सनाच विचारावं लागतं, म्हणजे कुठलं एंझाइम ती साखर कापू शकतं आणि कुठलं लेक्टिन, म्हणजे ठरावीक साखर धरणारं प्रोटीन, तिला धरू शकतं ते बघायचं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जगभर आपल्याच शहराच्या नावाने ओळखलं जातं. लाल पेशींवरचे ए आणि बी अँटिजेन ही साखरेची टोकं आहेत. आधी एफयूटी१ नावाच्या जीनचं एंझाइम गॅलॅक्टोजवर एक फ्यूकोज लावतं, तो झाला एच अँटिजेन, मग ए वाल्यांचं एंझाइम त्याच्यावर गॅलनॅक (एन-अॅसिटिलगॅलॅक्टोजअमाइन ही साखर) लावतं आणि बी वाल्यांचं गॅलॅक्टोज, दोन्ही एंझाइम्समध्ये महत्त्वाचा फरक फक्त ४ अमिनो अॅसिडचा आहे. ओ ग्रुपच्या बहुतेक लोकांमध्ये या ए-बी जीनमधला एकच बेस गळालेला असतो, फ्रेम बिघडते, एंझाइम बनत नाही आणि एच तसाच उघडा राहतो. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये मुंबईतल्या अशा रक्ताची माहिती छापली की ज्यात ए नाही, बी नाही आणि एचसुद्धा नाही. यालाच आपण बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतो, भारतात साधारण १०,००० माणसांत एखादा. यातल्या एखाद्याकडे ए चा जीन अगदी धडधाकट असू शकतो, एंझाइमही बनतं, पण एचच नाही तर ते गॅलनॅक लावणार कुठे, तळमजलाच नसेल तर पहिला मजला कशावर चढवणार. आणि तोच ए जीन मुलाकडे गेला आणि मुलाला दुसऱ्या पालकाकडून चांगला एफयूटी१ मिळाला की मुलाच्या पेशींवर ए दिसतो, मग कागदावर "ओ" असलेल्या पालकाला ए किंवा एबी मूल कसं झालं असा नको तो संशय घरात येतो. ए-बी जीन वाचून या माणसाचा ग्रुप सांगाल तर चुकणार, आणि तुमच्या प्रोटीनच्या बाबतीतही नेमकं हेच होतं, म्हणून हे उदाहरण डोक्यात ठेवूनच पुढे वाचा.

आता कामाला लागू. पहिली पायरी कागदावरची, फुकट आहे, पण हीच लोक सोडून देतात. युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवरून सिक्वेन्स काढा आणि आधी सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनला ईआरमध्ये नेणारा सुरुवातीचा तुकडा, आहे का बघा. नसेल, प्रोटीन सायटोसॉलमध्येच (पेशीतल्या द्रवात) बनून तिथेच राहणारं असेल, तर पुढचे एन-ग्लायकॅनचे (अॅस्पॅराजीनवर लागणाऱ्या साखळीचे) प्रयोग करण्यात अर्थ नाही कारण ते ईआरमध्ये गेलंच नाही. असेल तर सिक्वेन्समध्ये अॅस्पॅराजीन शोधा, म्हणजे एन, आणि त्याच्या पुढे एक सोडून सेरीन किंवा थ्रिओनीन, एन-एक्स-एस किंवा एन-एक्स-टी, मधला एक्स प्रोलीन नको. याला सिक्वॉन म्हणतात. मेंब्रेन प्रोटीन असेल तर ती जागा ईआरच्या आतल्या बाजूला पडते ना हे तपासा, सायटोसॉलकडे तोंड असलेल्या लूपमध्ये दहा सिक्वॉन असले तरी उपयोग शून्य. आणि सिक्वॉन आहे म्हणजे साखर लागलीच असं मुळीच नाही, ही ढोबळ चूक चांगल्या प्रेझेंटेशनमध्येसुद्धा दिसते. त्या जागेला "पोटेन्शियल साइट" म्हणा, प्रयोग होईपर्यंत.

मग अंदाज बांधा. एका एन-ग्लायकॅनमागे जेलवर साधारण २ ते ३ किलोडाल्टन धरा. आपल्या ४० वाल्या प्रोटीनला पाच जागा असतील तर ५० ते ५५, हिशोब जुळतोय. एरिथ्रोपोएटिनचं बघा, डायलिसिसच्या पेशंटला देतात ते, १६५ अमिनो अॅसिड म्हणजे नुसतं प्रोटीन सुमारे १८ किलोडाल्टन, त्यावर ३ एन-ग्लायकॅन आणि १ ओ-ग्लायकॅन (सेरीन किंवा थ्रिओनीनवर लागणारी साखळी), एकूण वजन ३० च्या आसपास, आणि जेलवर ते त्याच्याही वर दिसतं. कारण साखरेला एसडीएस, म्हणजे प्रोटीनला चार्ज देऊन जेलमध्ये पळवणारं डिटर्जंट, चिकटत नाही, त्यामुळे ग्लायकोप्रोटीन जेलमध्ये वजनाच्या मानाने हळू पळतं. थोडक्यात जेलवरचा आकडा हा आकडा म्हणून कधीच रिपोर्ट करू नका, "अपॅरेंट" हा शब्द लावा.

ओ-ग्लायकॅनसाठी असा सरळ सिक्वॉन नाही. सेरीन-थ्रिओनीनवर गॅलनॅक लावणारी माणसात २० वेगवेगळी एंझाइम्स आहेत आणि प्रत्येकाची आवड थोडी निराळी, पण सेरीन, थ्रिओनीन आणि प्रोलीनची गर्दी असलेला पट्टा सिक्वेन्समध्ये दिसला की शंका घ्यायची, म्यूसिन म्हणजे आपल्या श्लेष्मातली प्रोटीन्स अशीच असतात.

ग्लायकॅनची चित्रं वाचायलाही आत्ताच शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. निळा चौकोन ग्लकनॅक (एन-अॅसिटिलग्लुकोजअमाइन), हिरवा गोल मॅनोज, पिवळा गोल गॅलॅक्टोज, पिवळा चौकोन गॅलनॅक, लाल त्रिकोण फ्यूकोज, जांभळा डायमंड सायलिक अॅसिड. हे सगळ्या जगात एकच चालतं. कुठल्याही एन-ग्लायकॅनमध्ये मुळाशी दोन निळे चौकोन आणि त्यावर तीन हिरवे गोल दिसलेच पाहिजेत, कारण ईआरमध्ये १४ साखरांचं एकच तयार झाड, २ ग्लकनॅक, ९ मॅनोज, ३ ग्लुकोज, उचलून अॅस्पॅराजीनवर बसवतात आणि नंतर छाटतात. छाटणी अर्धवट राहिली तर ते हाय-मॅनोज, गॉल्जीत जाऊन फांद्यांवर गॅलॅक्टोज, सायलिक अॅसिड लागलं तर कॉम्प्लेक्स, आणि अर्धं हे अर्धं ते म्हणजे हायब्रिड. ही तीन नावं पुढे एन्डो-एच नावाचं एंझाइम समजायला लागतील.

खरं सॅम्पल वापरण्याआधी हात बसवायला अंड्याचा पांढरा भाग घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानातलं अंडं चालतं आणि एका सॅम्पलमध्ये तुम्हाला सगळं शिकायला मिळतं. पांढरा भाग मिठाच्या ०.९ टक्के पाण्यात साधारण ५० पट पातळ करा, हलकेच ढवळा, फेस करू नका, मलमलच्या कापडातून गाळा, आणि १२ ते १५ टक्के जेलवर दोन सारखे सेट लावा. एक सेट कुमासीत, म्हणजे प्रोटीन दाखवणाऱ्या निळ्या रंगात, दुसरा पीएएसमध्ये, म्हणजे साखर गुलाबी करणाऱ्या पिरिऑडिक अॅसिड-शिफ रंगात. कुमासीत ४५ ला ओव्हाल्ब्युमिन ठसठशीत, खाली १४ ला लायसोझाइम. पीएएसमध्ये लायसोझाइम दिसणारच नाही कारण त्याच्यावर साखर नाही, ओव्हाल्ब्युमिन एकाच ग्लायकॅनमुळे फिकट, आणि २८ च्या आसपास ओव्होम्युकॉइडचा रुंद गुलाबी पट्टा उठून दिसेल जो कुमासीत जेमतेम दिसत होता. ओव्होम्युकॉइडचं जवळजवळ पाव वजन साखरेचं आहे. हे दोन जेल शेजारी ठेवून बघितले ना की कुमासीत न दिसणारी गोष्ट अस्तित्वातच नाही असं परत कधी वाटत नाही.

पीएएसची रीत तशी सोपी. जेल फिक्स करा, ३ टक्के अॅसेटिक अॅसिडमध्ये १ टक्का पिरिऑडिक अॅसिड घालून अर्धा तास, यात साखरेतल्या ओएच असलेल्या शेजारशेजारच्या दोन कार्बनमधला बंध तुटून अल्डिहाइड बनतात, मग पाण्याने भरपूर धुवा, मग अंधारात शिफ रिएजंट. धुण्यात आळस केलात तर पूर्ण जेल गुलाबी होईल. आणि शिफ रिएजंटवर मुंबईत खास लक्ष ठेवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये बाटली बेंचवर राहिली की काही खरं नाही, ती फ्रिजमध्ये, घट्ट बूच लावून, अंधारात. चांगलं शिफ पाण्यासारखं किंवा अगदी फिक्कट पिवळं असतं, बाटलीतच गुलाबी झालेलं असेल तर फेकून द्या. शंका असेल तर थोड्या फॉर्मालिनमध्ये दोन थेंब टाका, झटकन लाल-जांभळं झालं तर रिएजंट जिवंत. पीएएस फारसं सेन्सिटिव्ह नाही, लेनमध्ये १०-२० मायक्रोग्रॅम तरी हवं, त्यामुळे ब्लॉटवरच दिसणाऱ्या कमी प्रमाणातल्या प्रोटीनसाठी याच्यावर विसंबू नका.

आता मुख्य काम, पीएनगेज-एफ आणि एन्डो-एच ही साखर कापणारी दोन एंझाइम्स. माझं ठाम मत आहे की एमएस्सीच्या बजेटमध्ये एकच वस्तू घेता येणार असेल तर पीएनगेज-एफ घ्या, आणि दोन घेता येत असतील तर दुसरं एन्डो-एच. पीएनगेज-एफ सगळ्यात आतल्या ग्लकनॅक आणि अॅस्पॅराजीनमधला बंध तोडतं, म्हणजे हाय-मॅनोज असो, हायब्रिड असो की कॉम्प्लेक्स, अख्खा ग्लायकॅन मुळापासून उपटतं. एन्डो-एच दोन निळ्या चौकोनांच्या मधे कापतं, आणि फक्त हाय-मॅनोज आणि काही हायब्रिड कापतं, कॉम्प्लेक्सला हात लावत नाही. या फरकातच सगळी गंमत आहे, कारण प्रोटीन मीडियल गॉल्जीत पोचून मॅनोज छाटले गेले की ते एन्डो-एचला दाद देत नाही. म्हणजे एका जेलवरून तुम्ही सांगू शकता की तुमचं प्रोटीन ईआरमध्येच अडकलंय की गॉल्जी पार करून पुढे गेलंय.

करायचं असं. १० ते २० मायक्रोग्रॅम लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) किंवा त्याहून कमी शुद्ध प्रोटीन, त्यात एसडीएस ०.५ टक्के आणि डीटीटी ४० मिलिमोलर होईल असं डिनेच्युअरिंग बफर, १०० अंशावर १० मिनिटं. घडी मोडली नाही तर एंझाइमला आतली साखर सापडत नाही म्हणून हे उकळणं टाळू नका, फक्त बऱ्याच ट्रान्समेंब्रेन भाग असलेलं प्रोटीन असेल तर १०० वर ते गुठळी होऊन विहिरीतच अडकतं, तिथे तापमान कमी करून वेळ वाढवा. थंड होऊ द्या, खाली स्पिन करा, मग तीन ट्यूबमध्ये वाटा. पहिलीत फक्त बफर, दुसरीत पीएनगेज-एफ, तिसरीत एन्डो-एच. पीएनगेज-एफला पीएच ७.५ चं फॉस्फेट बफर लागतं आणि एन्डो-एचला पीएच ६ चं अॅसिटेट, एकाच मिक्समध्ये दोन्ही चालवायला जाऊ नका. आणि पीएनगेज-एफच्या ट्यूबमध्ये एनपी-४० हे सौम्य डिटर्जंट एक टक्का घालायलाच हवं कारण एसडीएस या एंझाइमला मारतं, एनपी-४० त्या एसडीएसला गुंडाळून ठेवतं. "पीएनगेज-एफ चाललंच नाही" म्हणून येणाऱ्या तक्रारींत हा एक थेंब विसरलेला असतो. ३७ अंशावर एक तास पुरतो, मग सॅम्पल बफर, जेल, ब्लॉट.

पहिल्या ट्यूबबद्दल थोडं जास्त बोलतो. ती जागेवरच ठेवायची नाही, तीही उकळायची, तीही ३७ वर तेवढाच वेळ ठेवायची, फक्त एंझाइमच्या जागी पाणी. नाहीतर बँड खाली आला तो साखर निघाली म्हणून की तासभर गरम राहून प्रोटीएजने खाल्ला म्हणून हे सांगता येणार नाही. शिवाय पॉझिटिव्ह कंट्रोल लावा, आरएनएज-बी सगळ्यात सोपं, त्याच्यावर एकच हाय-मॅनोज ग्लायकॅन असतो, दोन्ही एंझाइम्सनी ते खाली येऊन आरएनएज-एच्या शेजारी बसतं कारण आरएनएज-ए म्हणजे तेच प्रोटीन साखरेविना. फेट्युइनवर कॉम्प्लेक्स एन-ग्लायकॅन आणि ओ-ग्लायकॅन दोन्ही असतात, ते पीएनगेज-एफने खाली येतं, एन्डो-एचने नाही. कुमासी करणार असाल तर ३६ च्या आसपास पीएनगेज-एफचा आणि २९ च्या आसपास एन्डो-एचचा स्वतःचा बँड दिसतो, त्याला आपलं प्रोटीन समजून कोणी खूश होऊ नये म्हणून फक्त एंझाइमची एक लेन सोडा.

वाचायचं कसं? दोन्ही एंझाइम्सनी बँड खाली आला तर साखर हाय-मॅनोज आहे, प्रोटीन बहुधा ईआरमध्ये किंवा गॉल्जीच्या सुरुवातीला आहे. फक्त पीएनगेज-एफने खाली आला तर कॉम्प्लेक्स, म्हणजे पुढे गेलंय. एन्डो-एचने दोन बँड झाले, एक खाली आलेला आणि एक वरच राहिलेला, तर काही प्रोटीन आत, काही पुढे, आणि बऱ्याच रिसेप्टरमध्ये हेच दिसतं, ते बिघडलेलं नाही, तो रिझल्टच आहे, किंवा एकाच प्रोटीनवर काही जागा हाय-मॅनोज आणि काही कॉम्प्लेक्स असतील तर बँड अर्धवट खाली येतो. पीएनगेज-एफनेही काहीच हललं नाही, पण कंट्रोल नीट चाललाय, तर तीन शक्यता: एन-ग्लायकॅन नाहीच, किंवा जे आहे ते ओ-ग्लायकॅन, किंवा तुमचं प्रोटीन झाडातून किंवा किड्याच्या पेशींतून आलंय. झाडं आणि किडे सगळ्यात आतल्या ग्लकनॅकवर अल्फा १-३ जोडणीने फ्यूकोज लावतात आणि तिथे पीएनगेज-एफ अडतं, त्यासाठी पीएनगेज-ए वापरतात.

पीएनगेज-एफने बँड ५५ वरून ४७ ला आला पण अपेक्षा ४० ची होती? उरलेल्यात ओ-ग्लायकॅन असू शकतं. इथे काम जरा किचकट होतं कारण सगळी ओ-साखर मुळासकट उपटणारं एकच एंझाइम नाही. बाजारात मिळणारं ओ-ग्लायकोसिडेज फक्त उघड्या कोअर १ आणि कोअर ३ दोन-साखरी जोड्या काढतं, वर सायलिक अॅसिड बसलेलं असेल तर त्याला काहीच दिसत नाही, म्हणून आधी किंवा सोबत सायलिडेज द्यायचं, त्यालाच न्यूरामिनिडेज म्हणतात. आणि सायलिडेजनंतर बँड खालीच येईल असं धरून बसू नका, सायलिक अॅसिड निगेटिव्ह असतं, ते निघाल्यावर काही म्यूसिनसारखी प्रोटीन्स उलट वर सरकतात.

कुठली साखर हे बघायला लेक्टिन. हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण यातली बरीच आपल्या स्वयंपाकघरातूनच आलीत. कुळीथ, ज्याची पिठी आपण भाताबरोबर खातो, त्याच्यातलं लेक्टिन टोकाचं गॅलनॅक धरतं, आणि योग्य पातळ केल्यावर ए ग्रुपच्या उपप्रकारांपैकी ए१ पेशींना गोळा करतं पण ए२ ना नाही, म्हणून रक्तपेढीत अँटी-ए१ म्हणून कुळथाचंच लेक्टिन वापरतात. कच्च्या शेंगदाण्याचं लेक्टिन उघडी गॅलॅक्टोज-गॅलनॅक जोडी धरतं, तिच्यावर सायलिक अॅसिड असेल तर नाही. फणसाच्या आठळ्यांतलं जॅकलिन तीच जोडी सायलिक अॅसिडसकट धरू शकतं, त्यामुळे शेंगदाणा आणि फणस शेजारी लावले आणि एक सेट सायलिडेज देऊन एक न देता केला की ओ-ग्लायकॅनवर टोपी आहे की नाही ते थेट दिसतं. जॅकलिन आपल्या रक्तातल्या आयजीए१ लाही पकडतं, शुद्धीकरणाला वापरतात. गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन ग्लकनॅक आणि सायलिक अॅसिड धरतं, जॅक बीनचं कॉन-ए मॅनोज धरतं. एच अँटिजेनसाठी युलेक्स नावाच्या काटेरी युरोपियन झुडपाचं लेक्टिन, ओ पेशी त्याने गोळा होतात, बॉम्बे ग्रुपच्या होत नाहीत, रक्तपेढीत संशय आला की हेच करतात. त्या लोकांच्या सीरममध्ये अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-एच तिन्ही असतात म्हणून त्यांना ओ चं रक्तसुद्धा चालत नाही, फक्त बॉम्बेचंच. टाइलवर नुसतं अँटी-ए, अँटी-बी करून "ओ" लिहून मोकळं झालं तर ही गोष्ट निसटते, रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे सीरम माहीत असलेल्या पेशींवर तपासताना, ओ पेशी लावल्या तर लगेच पकडली जाते. एरंडाच्या बियांतही गॅलॅक्टोज धरणारं लेक्टिन असतं, पण त्याच बियांत रायसिन हे घातक विष आहे, ते घरी किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये काढायच्या भानगडीत पडू नका, शुद्ध केलेलं विकत मिळतं.

लेक्टिन ब्लॉट वेस्टर्नसारखाच, बायोटिन लावलेलं लेक्टिन आणि मग स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी, पण ब्लॉकिंगला दूध पावडर अजिबात नको, दुधातच ग्लायकोप्रोटीन्स भरलेली असतात, अख्खा ब्लॉट काळा होईल. ट्वीन-२० किंवा साखरमुक्त ब्लॉकर वापरा, बीएसए (गायीच्या सीरमचं अल्ब्युमिन) वापरायचं तर चांगल्या ग्रेडचं, कारण स्वस्त बीएसएमध्ये दुसरी सीरम ग्लायकोप्रोटीन्स मिसळलेली असतात. कॉन-एला कॅल्शियम आणि मँगनीज लागतं, म्हणून ईडीटीए नको आणि फॉस्फेट बफरही टाळा. आणि प्रत्येक लेक्टिनला एक जास्तीचा ब्लॉट, ज्यात ती साखर आधीच मिसळलेली, कॉन-एसाठी मिथाइल मॅनोसाइड ०.२ मोलर, गव्हासाठी ग्लकनॅक. साखर घातल्यावर सिग्नल गेला तरच तो खरा. हा कंट्रोल नसलेला लेक्टिन ब्लॉट मी तरी मानत नाही.

पेशींमध्येच तपासायचं असेल तर ट्युनिकामायसिन, १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, रात्रभर. ते ईआरमधलं १४ साखरांचं झाड बनायची पहिलीच पायरी थांबवतं, नवीन बनणारं प्रोटीन साखरेविना येतं, जुनं मात्र तसंच राहतं म्हणून दोन्ही बँड दिसले तर दचकू नका. पेशींना याचा भयंकर त्रास होतो, ईआर स्ट्रेस येतो, त्यामुळे "ट्युनिकामायसिन दिल्यावर प्रोटीन पडद्यावर गेलं नाही म्हणून साखर गरजेची" असा निष्कर्ष काढू नका. नेमक्या जागेचा प्रश्न असेल तर अॅस्पॅराजीनच्या जागी ग्लुटामीन टाकून म्युटंट करा, एकेक जागा वेगळी, मग सगळ्या एकत्र, आणि प्रत्येक वेळी बँड किती सरकतो ते बघा.

दोन गोष्टींची सरमिसळ फार होते. एचबीए१सी, जी टेस्ट आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात कोणाची ना कोणाची होते, ते ग्लायकोसायलेशन नाही, ते ग्लायकेशन. हिमोग्लोबिन ईआरमध्ये जातच नाही, रक्तातलं ग्लुकोज एंझाइमशिवाय आपणहून त्याच्या बीटा साखळीच्या पहिल्या व्हॅलिनला चिकटतं, जितकी साखर जास्त आणि जितके दिवस जास्त तितकं जास्त. पीएनगेज-एफ त्याला काही करणार नाही. दुसरं, न्यूक्लियस आणि सायटोसॉलमधल्या प्रोटीन्सवरही साखर असते, एकटं ग्लकनॅक, १९८४ मध्ये टोरेस आणि हार्ट यांनी दाखवलेलं, पण ते एकच साखर असल्यामुळे जेलवर बँड जवळजवळ हलत नाही, त्याला वेगळी अँटिबॉडी किंवा गव्हाचं लेक्टिन लागतं. म्हणजे वर सिग्नल पेप्टाइड नसेल तर एन-ग्लायकॅन विसरा म्हटलं ते बरोबरच, पण "साखरच नाही" असं लिहू नका.

प्रोटीन कुठल्या पेशीत बनवलंय हे फिगरच्या लेजंडमध्ये लिहा, हे अगदी हात जोडून सांगतो. नेहमीच्या ई. कोलायमध्ये बनवलं तर ही साखर येणारच नाही, एरिथ्रोपोएटिन तसं बनवलं तर डिशमधल्या पेशींवर काम करतं पण शरीरात रक्तातून भराभर बाहेर पडतं, म्हणून ते सीएचओ (चायनीज हॅमस्टर ओव्हरी) पेशींत बनवतात. टोकाचं सायलिक अॅसिड गेलेलं आणि गॅलॅक्टोज उघडं पडलेलं प्रोटीन लिव्हर उचलून घेतं, अॅशवेल आणि मोरेल यांनी हे दाखवलं, आणि उलट एरिथ्रोपोएटिनला दोन जास्तीचे एन-ग्लायकॅन जोडून डार्बेपोएटिन केलं तर ते रक्तात जवळपास तिप्पट वेळ टिकतं. एकच सिक्वेन्स, पेशी बदलली की ग्लायकॅन बदलला, मग त्या दोन प्रोटीन्सची तुलना करताना नुसतं नाव लिहून चालत नाही.

शेवटी मास स्पेकला (रेणूंचं नेमकं वजन मोजणाऱ्या मशीनला) सॅम्पल देणार असाल तर आधी फॅसिलिटीतल्या माणसाशी बोला आणि हे विचारा. पीएनगेज-एफ साखर काढताना अॅस्पॅराजीनचं अॅस्पार्टिक अॅसिड करतं, वजन ०.९८४ डाल्टनने वाढतं आणि त्यावरून कुठल्या जागेवर साखर होती ते कळतं, पण अॅस्पॅराजीन आपणहूनही असंच बदलतं, विशेषतः पुढे ग्लायसीन असेल तर, म्हणून हे डायजेशन ऑक्सिजन-१८ वाल्या पाण्यात करतात, मग खऱ्या जागेचं वजन सुमारे २.९९ ने वाढतं आणि खोट्या जागा वेगळ्या पडतात. ते पाणी महाग आहे, मागवायला वेळ लागतो, आणि एंझाइमही पावसाळ्यात कुरिअरमध्ये अडकायला नको, तेव्हा ऑर्डर सोमवारी निघेल अशी द्या, शुक्रवारी नाही, आणि एंझाइमसोबत तोच ट्रिप्सिनचा लॉट, तेच बफर वापरून साखर न काढलेलं जोडीचं सॅम्पल पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा.